आवाज गणिताचा, तास विज्ञानाचा

शिक्षक गैरहजर असला की त्याचा तास दुसऱ्या कोणाला तरी घ्यावा लागतो. आमच्या शाळेत त्याला ‘अरेंजमेंट’ म्हणतात. स्टाफरूमच्या दाराशी एक पांढरा फळा आहे. सकाळच्या प्रार्थनेनंतर कोणाचा तास कोणाकडे गेला ते त्यावर लिहिलेलं असतं. आत येणारा आधी फळ्याकडे पाहतो, मग खुर्चीकडे. ज्याचं नाव लागलेलं असतं तो काही बोलत नाही. फक्त त्या दिवशी तो गैरहजर माणसाच्या तब्येतीची चौकशी करत नाही.

शाळा रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात आहे, खासगी आहे. मुलं बहुतेक पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांची. पाटीवर इंग्रजी माध्यम लिहिलेलं आहे. शिकवणं हिंदीत चालतं आणि उत्तरं इंग्रजीत लिहिली जातात. खिडकीच्या कट्ट्यावर कारखान्यांची काळी धूळ बसते, फळ्याखाली खडूची पांढरी. दोन्ही एकाच फडक्यानं पुसल्या जातात.

इथे येण्याआधी मी शहरातल्या एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. पानं कमी झाली, तशी माणसंही कमी झाली. समाजशास्त्राची पदवी होती, म्हणून सामाजिक शास्त्र शिकवायला लागलो. दोन्ही नोकऱ्यांतला एक फरक पहिल्याच महिन्यात लक्षात आला. डेस्कवर कोणाचीही बातमी दुसऱ्याच्या हाताखालून गेल्याशिवाय छापली जात नसे. नाव एकाचं असे, हात चार जणांचे. शाळेत मात्र प्रत्येक जण वर्गात जातो आणि दार लावून घेतो. आत काय चाललंय हे शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाला माहीत नसतं, आणि विचारणं बरं दिसत नाही. सत्राच्या शेवटी विषयवार निकाल लागतो आणि प्रत्येक विषयापुढे शिक्षकाचं नाव असतं. मग कोण कोणाला काय सांगणार?

विज्ञानाच्या बाईंचा आवाज दिवाळीनंतर बसू लागला.

त्या सहावी ते आठवीला विज्ञान शिकवत. मूळच्या वर्ध्याकडच्या, नवरा रेल्वेत, म्हणून रायपूर. अख्ख्या स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे त्या मला सरांऐवजी भाऊ म्हणत. सुरुवातीला त्यांनी ते खडूवर ढकललं.

“मले काही झालं नाही जी. खडू लागते घशाले.”

“डॉक्टरले दाखवलं का?”

“दाखवून काय करता? तो म्हणन, बोलू नका. न बोलता पगार देते का कोणी?”

पंधरवड्यात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेनासा झाला. एक दिवस चौथ्या तासाला तो पूर्ण गेला. वर्गातली मुलं काही वेळ शांत होती, मग नव्हती. गोंगाट ऐकून प्राचार्या स्वतः वर आल्या आणि उरलेला तास त्यांनी घेतला.

घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बाईंनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर टाइप करून दाखवलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. साध्या, भिण्यासारख्या नाहीत. उपाय म्हणजे बोलणं बंद. कुजबुजणंसुद्धा बंद, कारण कुजबुजण्यानं जास्त ताण पडतो. आवाज परत यायला काही महिने लागतील, आणि हे पाळलं नाही तर तो असाच राहील.

काही महिन्यांची रजा आमच्या शाळेत नसते. लांब रजेवर गेलेल्याच्या जागी नवा माणूस येतो आणि तो मग जात नाही. आदल्या वर्षी हिंदीच्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई होत्या. त्या नव्या बाई उठून उभ्या राहिल्या, एवढंच. विज्ञानाच्या बाईंकडे बी.एड. नव्हतं. त्या लागल्या तेव्हा शाळा ते मागत नव्हती, आता सगळ्याच मागतात. इथला वर्ग गेला की शिकवणंच संपलं, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही.

वाट काढली ती गणिताच्या सरांनी. ते छत्तीसगढी, धरसींवाकडच्या एका गावातून रोज मोटरसायकलनं येत. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. शाळेचं टाइमटेबल तेच बनवत. आकडेमोड येते म्हणून हे काम गणितवाल्याकडेच जातं.

“दीदी, आप बोलो मत. हम लोग बोलेंगे,” ते म्हणाले.

बाईंनी टाइप केलं. सरांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज वाचला आणि मोठ्यांदा म्हणाले, “लिखती हैं, आपको साइंस आता है? नहीं आता! उसी के लिए तो आप हो.”

त्यांची योजना अशी होती. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. विज्ञानाच्या तासाला दोन्ही तुकड्या खालच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एकत्र बसवायच्या. म्हणजे बाईंचे तास निम्मे होतील. प्रत्येक तासाला आमच्यापैकी एक जण बाईंबरोबर हॉलमध्ये असेल आणि बोलेल. धडा बाईंचा, फळा बाईंचा, प्रयोग बाईंचे. फक्त आवाज दुसऱ्याचा. बदल्यात बाई आमच्या वह्या तपासतील, नकाशे काढतील, प्रश्नपत्रिका बनवतील. ज्याला तोंड लागत नाही असं सगळं त्यांच्याकडे.

इंग्रजीच्या बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी नकार दिला. त्या सगळ्यांत जुन्या होत्या आणि त्यांचं कारण चुकीचं नव्हतं.

“आज इनका गला है. कल मेरी कमर होगी. तब कौन खड़ा होगा? बताइए.”

“हम खड़े होंगे,” गणिताचे सर म्हणाले.

“तुम तो सरकारी भर्ती का फॉर्म भरके बैठे हो. तुम दिखोगे यहाँ?”

सर फक्त हसले. इंग्रजीच्या बाईंनी मदत केली नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलंही नाही. चार महिने त्यांच्यासमोर सगळं चाललेलं असताना हे सोपं नव्हतं.

नवं टाइमटेबल प्राचार्यांकडे गेलं. हॉलमधले तास पाहून त्या थोडं थांबल्या, मग सही केली. “मैं बस ये देखती हूँ कि कोई क्लास खाली न रहे,” त्या म्हणाल्या. कारण त्यांनी विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर ते संचालकांना कळवावं लागलं असतं.

पहिले काही दिवस वाईट गेले. सातवीला उष्णतेचा धडा चालू होता. बाई आदल्या दिवशी दोन पानं लिहून देत. मी ती डेस्कवर दुसऱ्याची बातमी वाचायचो तशी वाचून येत असे, आणि तरी हॉलमध्ये उभं राहिल्यावर माझं बोलणं बातमीपत्रासारखं निघे. बाई फळ्याशी उभ्या. काही चुकलं की डस्टर टेबलावर दोनदा आपटत. फार भरभर बोललो की एकदा. मुलांनी हे संकेत आमच्याआधी ओळखले. दोनदा डस्टर वाजलं की मागच्या रांगेतून हलक्या आवाजात “गलत, गलत” असा कोरस होई. एका मुलीनं तर हात वर करून सांगितलं, “सर, मैडम बोल रही हैं आप गलत बोल रहे हो.” मैडम काहीच बोलत नव्हत्या.

मग गजाच्या प्रयोगाचा दिवस आला. लोखंडी गजाला मेणानं टाचण्या चिकटवायच्या, एका टोकाखाली मेणबत्ती लावायची. उष्णता पुढे सरकते तशा टाचण्या एकेक करून पडतात. दोन तुकड्यांची मुलं, मोठा हॉल, मागच्यांना टाचणी दिसणार नव्हती. बाईंनी खाली स्टीलचं ताट ठेवलं आणि बोट ओठांवर धरलं. मला बोलायला काहीच दिलं नव्हतं. हॉल एवढा शांत झाला की पहिली टाचणी ताटात पडल्याचं दारापाशी ऐकू आलं. दुसरीच्या आधी मुलं श्वास रोखून होती. तास संपल्यावर बाईंनी मला टाइप करून पाठवलं: “मी बोलत होती तेव्हा इतकं कधी ऐकलं नाही पोट्ट्यांनी.”

काम चालू राहिलं. ते सोपं झालं असं नाही. गणिताच्या सरांना दिवसाचा एकही तास रिकामा उरला नव्हता आणि मलाही क्वचितच. माझे पाय संध्याकाळी सुजत. बाईंच्या टेबलावर तीन विषयांच्या वह्यांचे गठ्ठे असत आणि त्या सुटीत जेवतानाही डाव्या हातानं पानं उलटत. गणिताच्या वह्यांत त्यांना पायरीपायरीनं तपासावं लागे. सरांना ते कधीच जमलं नव्हतं, ते फक्त उत्तर पाहत. माझ्या वह्यांत त्यांनी भारताच्या नकाशांवर लाल पेनानं नद्या दुरुस्त केल्या. एकदा त्यांनी माझाच फळ्यावरचा नकाशा मोबाइलवर फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं होतं: “भाऊ, महानदी अशी उलटी काहून वाहून राहिली?”

डबे उघडले की गणिताचे सर दोघांचं बोलत. बाईंच्या तोंडचं ते स्वतःच रचत. “दीदी कह रही हैं फरा बहुत अच्छा बना है. दीदी कह रही हैं, एक और लूँगी.” बाई त्यांच्या डब्यातला तांदळाच्या पिठाचा आणखी एक फरा उचलत आणि मान हलवत. हव, असं.

हे थकवणारं होतं, पण एक गोष्ट झाली. दार लावून घ्यायची सवय सुटली. हॉलला दार नव्हतंच. सर अपूर्णांक कसे समजावून सांगतात हे मला पहिल्यांदा कळलं, कारण विज्ञानाच्या धड्यात ते आले आणि ते त्यांनी बाईंच्या फळ्यावर समजावले. त्यांना कळलं की मी वर्गाला प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देतो. “भैया, दो सेकंड तो रुका करो. बच्चा बेचारा हाथ उठाते-उठाते रह जाता है.” वर्तमानपत्रात कोणी असं सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. इथे दोन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं, कारण कोणी पाहिलंच नव्हतं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी बाईंना दिवसातून थोडं बोलायची परवानगी दिली. आवाज परत आला होता, पण जुना नव्हता. खाली उतरलेला, काठाला खरखरीत. ठरलं असं की मार्चपर्यंत हळूहळू एकेक तास त्या स्वतः घेतील आणि नव्या सत्रात वर्ग पुन्हा वेगळे होतील. त्यांनी पहिला पूर्ण वाक्यांचा तास घेतला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या म्हणाल्या, “ताली बाद में. पहले कॉपी निकालो.”

त्याच सुमारास संचालक आले.

संचालक म्हणजे संस्थापकांचा मुलगा. तिशीचा, रायपुरात तेलीबांध्याकडे ऑफिस, इतरही व्यवसाय. शाळेत महिन्या-दोन महिन्यांतून येई. कधीच ओरडत नसे. तो आला त्या दिवशी हॉलमध्ये आठवीच्या दोन्ही तुकड्या होत्या, गणिताचे सर बोलत होते आणि बाई प्रयोग मांडत होत्या. एवढी मुलं, एवढी शिस्त, दोन शिक्षक एकमेकांच्या हालचालीवर चालणारे. तो मागे उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग त्यानं फोटो काढले. संध्याकाळी ते शाळेच्या पेजवर आले आणि खाली ‘टीम टीचिंग’ असं लिहिलं होतं.

आम्हाला ते वाचून बरं वाटलं, हे नोंदवलं पाहिजे. गणिताच्या सरांनी तो फोटो त्यांच्या गावातल्या ग्रुपवर टाकला.

पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये दोन स्पीकर आणि कॉलरला लावायचा एक माइक आला. त्याच्या पाठोपाठ प्राचार्यांकडून निरोप आला. नव्या सत्रापासून सहावी ते आठवीचं विज्ञान हॉलमध्येच होईल, दोन्ही तुकड्या एकत्र. माइकवर गणिताचे सर. त्यांच्याकडे आता गणित आणि विज्ञान दोन्ही. विज्ञानाच्या बाई ‘असिस्टंट’. प्रयोग, फळा, वह्या. पद खालचं. परीक्षेच्या निकालावर नाव सरांचं.

आम्ही ते इतकं नीट झाकलं होतं की पाहणाऱ्याला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं: एक जण शिकवतो, एक जण मदत करते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं सायकल स्टँडपाशी उभे होतो. गणिताच्या सरांनी हेल्मेट हातात धरलं होतं, घातलं नव्हतं.

“दीदी, मैं मना कर देता हूँ.”

“तुम मना करोगे तो बाहर से कोई आएगा. वो तो मेरी कॉपी भी नहीं पूछेगा,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “याहिले काय बोलू मी? चांगलंच बोलते हे. पोट्टे आता यायलेच विचारते डाउट. परवा एक पोट्टी माझ्या समोरून गेली अन् यायले विचारलं, अॅसिडनं काहून जळते म्हणून. मी तिथंच उभी होती.”

“मैंने आपके पास ही भेजा था.”

“हव, भेजा था. पण विचारलं तुमाले.”

सर हेल्मेटचा पट्टा लावत-सोडत राहिले. त्यांना एवढं मराठी कळत होतं.

खरं सांगायचं तर एकच मार्ग होता, आणि त्याचं ओझं तिघांनाही दिसत होतं. बाईंचा आवाज गेला होता, म्हणून हे सुरू झालं, हे संचालकांना सांगायचं. सांगितलं की लपवल्याचं बाहेर येणार. बाईंची नोकरी त्यावरच जाऊ शकत होती. घशाचं दुखणं पुन्हा होऊ शकतं, हे कोणीही डॉक्टर सांगेल. आणि टाइमटेबलवर सही प्राचार्यांची होती.

बाई म्हणाल्या, “बघते.” त्यापलीकडे त्या दिवशी काही ठरलं नाही.

सत्र संपण्याआधीची बैठक स्टाफरूममध्येच झाली. संचालक खिडकीजवळच्या खुर्चीवर, बाजूला प्राचार्या, बाकी सगळे टेबलाभोवती. त्यानं निकालाचं कौतुक केलं. मग नव्या सत्राची रचना सांगितली. विज्ञानावर आला तेव्हा बाईंकडे पाहून म्हणाला, आणि ते त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं असावं:

“मैडम, आपको तो आराम ही हो जाएगा. बोलना सर को है, आपको बस मदद करनी है.”

“सर, मदद तो ये कर रहे थे,” बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. त्यापेक्षा मोठा निघतही नव्हता. संचालकाला ऐकण्यासाठी पुढे झुकावं लागलं.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. दिवाळीनंतर आवाज गेला. डॉक्टरांनी बोलणं बंद केलं. धडे त्यांनी लिहिले, गणिताच्या सरांनी आणि मी वाचले. सुट्टी मागितली असती तर जागा गेली असती, म्हणून मागितली नाही. “पढ़ाया मैंने है. बोले ये लोग हैं.”

गणिताच्या सरांनी हात अर्धवट वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

“सर, सच बात है. मुझे तो साइंस में आज भी इनके डस्टर से डर लगता है.”

कोणी हसलं नाही. संचालकानं प्राचार्यांकडे पाहिलं.

“आपको पता था?”

“टाइमटेबल पर मेरे साइन हैं,” प्राचार्या म्हणाल्या.

हे हो किंवा नाही नव्हतं. पण त्यांनी ते टाळण्यासाठीही वापरलं नाही; नजर समोर होती. संचालक थोडा वेळ मोबाइल उलटसुलट करत राहिला. त्याच मोबाइलमध्ये आमचे फोटो होते. चिडलेला दिसला नाही, फसवला गेलेला दिसला, आणि ते जास्त कठीण होतं.

“अब आवाज ठीक है?” त्यानं बाईंना विचारलं.

“इतनी है.”

“इतनी में तो हॉल नहीं चलेगा.”

“हॉल मुझे चाहिए भी नहीं, सर. मेरी क्लास दे दीजिए. अलग-अलग, जैसी थी.”

“और उसमें भी गला बैठ गया तो?”

बाईंनी खालच्या हॉलच्या दिशेनं बोट दाखवलं. “वो माइक पड़ा है न हॉल में? वो मुझे दे दीजिए.”

या वेळी इंग्रजीच्या बाई हसल्या. पहिल्यांदा हसल्या त्या, आणि मग म्हणाल्या, “दे दीजिए सर. नहीं तो फिर ये दोनों भाषण देने लगेंगे. मैंने चार महीने सुना है.”

निर्णय दोन दिवसांनी आला. तुकड्या वेगळ्याच राहतील. विज्ञान बाईंकडेच, पद तेच. माइक त्यांना. यापुढे कोणतेही दोन वर्ग एकत्र बसवायचे नाहीत, कोणीही दुसऱ्याचा तास स्वतःहून घ्यायचा नाही. टाइमटेबल सहीसाठी संचालकांच्या ऑफिसला जाईल. प्राचार्यांना तिकडे बोलावलं होतं. काय ऐकावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्यानंतर टाइमटेबलवरची त्यांच्या सहीची जागा रिकामी असते.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. गणिताच्या सरांचं सरकारी भरतीचं अजून काही आलेलं नाही. बाईंनी कॉलरला माइक लावला, स्पीकर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की तो हॉलसाठी घेतलेला आहे. आवाज वर्गात मावत नाही. एका बाजूला माझी सहावी, दुसऱ्या बाजूला सरांची आठवी. मी मौर्यांबद्दल बोलत असताना भिंतीतून परागीभवन येतं. कमी केला की खरखर करतो, आणि ती खरखर स्पीकरची की बाईंच्या घशाची ते मुलांना कळत नाही.

सरांनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली. “दीदी, आपका फूल मेरी ज्यामिति में खिल रहा है.” त्यानंतर केली नाही. भिंतीपलीकडून बोलायचं तर आम्हाला ओरडावं लागतं, आणि ओरडून काय होतं ते आम्ही जवळून पाहिलं आहे. टाइमटेबल बदलता येत नाही. म्हणून बाईंचा तास शेजारी असला की मी आणि सर लेखी काम देतो. मुलं मान खाली घालून लिहितात आणि कानांनी विज्ञान ऐकतात. आदेशात याबद्दल काही म्हटलेलं नाही.

लेखी काम दिलं की वह्या वाढतात. परवा सुटीत गणिताचे सर व्हरांड्यातून दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन चालले होते, हनुवटीनं वरच्या वह्या धरलेल्या. बाई समोरून आल्या.

“ये सब आपकी वजह से है, दीदी.”

“तो दो इधर. आधी मैं चेक कर देती हूँ.”

कॉलरचा माइक त्या बंद करायला विसरल्या होत्या. वर्गातल्या स्पीकरमधून वाक्य संपूर्ण मजल्यावर गेलं. प्राचार्यांच्या ऑफिसपर्यंत गेलं असणार. इंग्रजीच्या बाईंनी स्टाफरूमच्या दारातून मान बाहेर काढली.

“पहले वो बंद करो. फिर जो करना है करो.”

बाईंनी माइक बंद केला, आणि वरच्या अर्ध्या वह्या घेतल्या.